पुढे चाल

आमच्या क्रीडामंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. विषय त्यांनीच ठरवून दिलाय: 'शिट्टीपासून सॉफ्टवेअरपर्यंत'. लेखात कुठेतरी 'पारदर्शक' हा शब्द आला तर बरं, असंही निरोप घेऊन आलेल्या कार्यकर्त्याने हसत हसत सुचवलं. मी त्याला चहा पाजला, दारापर्यंत सोडलं आणि मग बराच वेळ दातओठ खात बसलो.

पारदर्शक म्हणे.

हा तो लेख नाही. हा ते छापणार नाहीत, आणि न छापोत. पण आमच्या महिला कबड्डी स्पर्धेत चांदवडकडच्या एका गावाचा संघ बाद फेरीला आलाच नाही, गैरहजर राहिला, असं जे गेली काही वर्षं सांगितलं जातं ते खोटं आहे. तो संघ आला होता. मी त्यांना पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, त्या दिवशीच्या मैदानपूजेचा नारळ मी त्यांच्या कप्तान बाईच्या हातून फोडून घेतला होता. त्या नारळाचं खोबरं मी खाल्लं आहे.

मी पंचवटीतल्या एका शाळेत खेळाचा मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर मंडळाने मला स्पर्धाप्रमुख केलं. तोवर स्पर्धा म्हणजे एक मोठा कागद, पट्टी, लाल-निळी पेनं आणि चिठ्ठ्यांचा डबा. कोण कोणाशी खेळणार त्या कागदाला आम्ही भाग्यपत्रिका म्हणतो. ती प्लायवूडवर डकवायची आणि कर्ण्यावरून पुकार द्यायचे. पहिला पुकार, दुसरा पुकार, शेवटचा पुकार. शेवटच्या पुकारालाही संघ मैदानात उतरला नाही, तर समोरच्या संघाला 'पुढे चाल'. म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत.

आता या शब्दाचीच गोष्ट सांगायची आहे. संघांची संख्या विषम असली की एकाला जोडीदारच उरत नाही. तोही न खेळता पुढच्या फेरीत जातो. त्यालाही आम्ही 'पुढे चाल'च म्हणतो. एकात समोरचा पळालेला असतो, दुसऱ्यात समोर कोणी नसतंच. गोष्टी दोन, शब्द एक. कर्ण्यावर कधी काही अडलं नाही, कारण मैदानात उभ्या असलेल्या माणसांना दिसत असतं काय झालं ते. लहानपणी आमच्या गल्लीत भिकारी आला आणि घरात काही नसलं की आई म्हणायची, "पुढं चाल बाबा." तोच शब्द मैदानात मानाचा, याची मला गंमत वाटायची. मुलांना सांगायचो.

मग सॉफ्टवेअर आलं. मंडळाचे अध्यक्ष बांधकामाच्या धंद्यातले, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी कुठेतरी पाहिलं की हल्ली संघांची नोंदणी, सामन्यांच्या वेळा, गुणतक्ता, सगळं मोबाईलवर होतं. माझी पुतणी संगणकवाली, तिने एक तयार सॉफ्टवेअर घेऊन आमच्या स्पर्धेसाठी मांडून दिलं. त्यातले शब्द मराठीत घालायची सोय होती. खेड्यापाड्यातून संघ येणार, त्यांना मराठी हवं, म्हणून ती माझ्याकडे शब्द विचारायला बसली. मी खुशीत होतो. शेवटी कोणीतरी मला काहीतरी विचारत होतं.

चढाई, पकड, लोण, साखळी, बाद फेरी, मी भराभर सांगत गेलो. मग ती म्हणाली, "काका, बाय आणि वॉकओव्हर. ही दोन वेगळी बटणं आहेत. मराठीत काय लिहू?"

"पुढे चाल."

"कशाला?"

"दोन्हीला."

"अहो काका, एकाखाली एक येतील ती. सारखीच दिसतील."

"मैदानावर तेच म्हणतात. तू मला आता कबड्डीचं मराठी शिकवणार?"

ती हसली आणि तिने तसंच लिहिलं. वरचं 'पुढे चाल' म्हणजे जोडीदार नाही. खालचं 'पुढे चाल' म्हणजे एक संघ गैरहजर. सॉफ्टवेअरला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं, असं मला वाटत होतं.

त्या वर्षी स्पर्धेत एक संघ असा आला की आम्ही बघत राहिलो. सगळ्या लग्न झालेल्या बाया. चांदवडच्या पलीकडचं एक कांद्याचं गाव, तिथल्या या सुना. माहेरी शाळेत कबड्डी खेळलेल्या, मग लग्नं होऊन खेळ सुटलेला. कप्तान मूळची वणीकडची. तिने एकेकीला गोळा केलं आणि कांद्याची लागण आटोपली की संध्याकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत सराव सुरू केला. गाव अर्थात कुरकुरलं. पण तिच्या सासऱ्यांनी, जुन्या कुस्तीतल्या माणसाने, पारावर शब्द दिला होता: माझी सून कुठं जाते ते मला माहीत आहे, तुम्ही तुमचं बघा. म्हणून संघाच्या नोंदणीत मोबाईल नंबरही तिने सासऱ्यांचाच दिला होता. हा नंबर लक्षात ठेवा.

साखळीत त्या गटात पहिल्या आल्या. त्याच गटात आमच्या मंडळाच्या मुली होत्या. त्यांना या बायांनी असं लोळवलं की भाऊ खुर्चीतून उठून पाणी प्यायला गेले. गटागटातून एकेक असे सात संघ बाद फेरीत आले. सातांच्या जोड्या लागत नाहीत. चिठ्ठीत पुढे चाल मिळाली ती चांदवडकरणींना.

कप्तानने फोनवर विचारलं, "सर, मंग शनिवारी यायचं का नाय आम्ही?"

"यायचं. पुढे चाल असली तरी संघ मैदानावर हजर पाहिजे. माझा नियम आहे."

आल्या. पिकअपमध्ये मागे उभ्या राहून, गणवेश घालून. मी नारळ तिच्या हातात दिला. एका फटक्यात दोन भकलं. बाकीच्या जणी ओरडल्या, "सासूचं डोकं समजून फोडलं वाटतं!" आणि मीसुद्धा हसलो. मंडळाच्या फोटोवाल्याने फोटो काढला. तो फोटो मंडळाकडे आहे. स्मरणिकेत तो येणार नाही याची मला खात्री आहे.

दुपारी मीच त्यांना म्हणालो, "तुमचं आज काम संपलं. इथं उन्हात कशाला बसता? गंगेवर जा, दर्शन घ्या, उद्या ताज्या दमाने या." गंगा म्हणजे आमची गोदावरी, नाशिकात तिला गंगाच म्हणतात. त्या गेल्या. जाताना कप्तान पाया पडली.

त्यानंतर मी टेबलाशी बसून मोबाईलवर निकाल भरले. मैदानातली धूळ, काचेवर ऊन, वाचायचा चष्मा घरी राहिलेला. त्यांच्या नावापुढे पुढे चाल टाकायची होती. दोन सारखे शब्द दिसले. मी खालच्यावर बोट ठेवलं. सॉफ्टवेअरने विचारलं, 'कोणता संघ?' मी मनात म्हटलं, ज्याला पुढे चाल मिळाली तो, आणि त्यांचं नाव निवडलं. त्याला विचारायचं होतं, कोणता संघ आला नाही.

बस्स. एवढंच. त्याने त्यांना गैरहजर केलं, स्पर्धेतून काढलं आणि आमच्याच नियमाप्रमाणे त्यांच्या गटात दुसरा आलेला संघ आपोआप त्यांच्या जागी आणून बसवला. दुसरा संघ म्हणजे आमच्या मंडळाच्या मुली. आणि सगळ्यांच्या मोबाईलवर संदेश गेला. मी फोन खिशात टाकला आणि चहा घ्यायला उठलो.

तिकडे गावात सासरे पारावर बसलेले. फोन वाजला. शेजारच्या कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं: आपला संघ मैदानावर गैरहजर राहिल्याने स्पर्धेतून बाद करण्यात आला आहे. त्याच वेळी एका सुनेने गंगेवरचे फोटो टाकले होते. घाटावर सगळ्या जणी, गॉगल एकीचा, तो आळीपाळीने लावून, हातात भेळेचे कागद. आता सांगा, पारावरच्या माणसांनी काय समजायचं? मॅच सांगून गेल्या आणि मॅचला नव्हत्याच. मग होत्या कुठं, आणि कोणाबरोबर?

हे सगळं मला पुढे कळलं. रविवारी सकाळी कप्तानचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. "सर, आपल्याला पुढे चालच होती ना?"

"हो, पुढे चालच आहे. या लवकर."

मी बघितलंसुद्धा नव्हतं.

त्या आल्या, आणि बरोबर सासरे. पांढरी टोपी, धोतर, हातात तोच फोन. पडद्यावर भाग्यपत्रिका लावलेली, तिच्यात त्यांचं नाव नाही. मी कोपऱ्यात जाऊन पुतणीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, तुम्ही खालचं दाबलंत. काही नाही, मिनिटाचं काम आहे, मी इथून फिरवते. भाऊंना फक्त हो म्हणू दे, मुख्य परवानगी त्यांची आहे."

मी भाऊंकडे गेलो. भाऊ पाहुण्यांच्या गाडीची वाट बघत होते.

"फिरवायचं?" ते म्हणाले. "आपल्या पोरी ड्रेस घालून उभ्या आहेत, सर. त्यांना काय सांगू, घरी जा?"

"त्या हरलेल्या आहेत भाऊ. चूक माझी आहे."

"कोण म्हणतं तुमची? सिस्टीमनं केलंय. माणसानं केलं की लोक पक्षपात म्हणतात. सिस्टीमनं केलं की कोणी काही म्हणत नाही. तीच तर मजा आहे." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि आज तुमचा सत्कार आहे. शाल घेताना काय सांगणार, मला मोबाईल झेपत नाही?"

हे वाक्य नेमकं बसलं. त्यांना माणसं कुठे दुखतात ते कळतं, म्हणून तर ते भाऊ आहेत. आयुष्यभर माझ्या शिट्टीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आता गावभर होणार की म्हातारा संपला, बटणं कळत नाहीत. मला ते नको होतं. दुसरं कारण शोधून मी दमलो आहे. दुसरं कारण नाही.

सासरे टेबलाशी आले. सूनही आली, तिच्यामागे बाकीच्या.

"मास्तर," ते म्हणाले, "एवढंच सांगा. काल ह्या हितं होत्या का?"

मी म्हणालो, "सिस्टीममध्ये गैरहजर दिसतंय."

"सिस्टीम ऱ्हाऊ द्या. ती माझ्या खिशातबी हाय. तुमी पाह्यलं का?"

भाऊ माझ्याशेजारी उभे होते, पण माझ्या तोंडावर त्यांचा हात नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "मी पाहिलं नाही."

कप्तान माझ्याकडे बघत राहिली, चढाईला आलेल्याकडे कोपऱ्यातला गडी बघतो तशी. तिच्या मागची एक जण ओरडली, "सर, खोबरं खाल्लं ना वो तुमी!" आणि लोक हसले. मी माईक उचलला आणि शिस्तीच्या आवाजात सांगितलं की वेळेवर हजर न राहिलेल्या संघाने स्पर्धेच्या कामात अडथळा आणू नये. तो आवाज माझा चांगला आहे. शाळेत सगळी मैदानं त्या आवाजाला गप्प व्हायची. सासरे वळले आणि पिकअपकडे चालू लागले. बायका त्यांच्यामागून.

संध्याकाळी मला शाल मिळाली. आमच्या पोरी उपान्त्य फेरीत दणकून हरल्या. म्हणजे कशासाठी झालं हे सगळं? कोणाला काय मिळालं? सांगा मला.

पुढची वर्षं मी स्पर्धाप्रमुख राहिलो. पुतणीने शब्द बदलले; आता खालच्या बटणावर 'समोरचा संघ गैरहजर' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. भाऊ भाषणात म्हणायचे, आमच्याकडे एक संघ गैरहजर राहिला, सिस्टीमनं एका सेकंदात बाहेर काढला, ओळखपाळख काही नाही. टाळ्या पडायच्या. मी पहिल्या रांगेत असायचो. टाळ्या वाजवल्या नाहीत, असं लिहावंसं वाटतं. वाजवल्या.

यंदा दिवाळीच्या आधी महामार्ग बसस्थानकावर एका बाईने मला हाक मारली. "सर, वळखलं का? मी त्या संघातली. उजवा कोपरा."

ओळखलं होतं. खोबरं खाल्लं ना, असं ओरडलेली तीच. मी विचारलं, खेळता का अजून?

"कुठलं खेळता!" ती हसली. "आमचं नाव गैरहजर मंडळ पडलं गावात. हळदीकुंकवाला निघालं तरी इचारत्यात, कुठं चालल्या गैरहजर? भांडण कशाचंबी असू दे, शेवटी गाडी तिथंच येती, त्या दिवशी नाशकात कुठं होत्या ते सांगा. आमच्या सरावाच्या मैदानात आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावत्यात."

"आणि तुमची कप्तान?"

"ती घरातच असती. सासरा बोलत नाय तिच्याशी. एका घरात ऱ्हाऊन! म्हणत्यात, मास्तर कशाला खोटं बोलंल."

तिची गाडी लागली. चढताना मागे वळून म्हणाली, "त्या दिशी तुमच्या ध्यानात नसंल ऱ्हायलं. तुमी बरे हायेत ना, सर?" रागाने नाही, आपुलकीने विचारलं. तिथेच मला ओरडावंसं वाटलं. तिने मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. पण तिच्या हिशोबातही मास्तर खोटा नव्हता, विसराळू होता!

मी तडक भाऊंकडे गेलो. जुनी स्पर्धा उघडा, म्हटलं, नोंद दुरुस्त करा, आणि कार्यक्रमात मला माईकवर दोन मिनिटं द्या. भाऊ मोबाईलवर बोट फिरवत ऐकत होते.

"सर, ती स्पर्धा बंद झाली. लॉक केलेली आहे."

"किल्ली तुमच्याकडे आहे."

"रौप्यमहोत्सव आहे. पेपरवाले येणार. कशाला उकरता? आणि खरं सांगू का, त्या बायकांना आठवतसुद्धा नसेल."

मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या घरात चहाचा कप न पिता बशीवर पालथा घातला. डाग पडला असेल त्यांच्या काचेच्या टेबलावर. पडू दे.

दुसऱ्या दिवशी चांदवडची गाडी धरली, तिथून रिक्षाने गाव. विचारत विचारत गेलो. घराला लागून कांदा साठवायची चाळ, आणि कप्तान तिथे बसून कांदा निवडत होती. उन्हाळी कांद्याचा शेवटचा ढीग, अर्ध्याला कोंब आलेले. तिने मान वर केली, ओळखलं, पुन्हा खाली घातली. हात थांबले नाहीत.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोन बटणं, एक शब्द, चष्मा, भाऊ, शाल. चूक होती, असं म्हणालो.

"चूक व्हती ती शनवारची," ती म्हणाली. "रइवारी काय व्हतं?"

"खोटं बोललो."

"हां." तिने एक सडका कांदा बाजूला फेकला. "मला कशाला सांगता, सर? मला ठाव हाय मी कुठं व्हते. नारळ मी फोडला. तुमी बोलला माईकवर. पारावर माईक हाय, मारुतीच्या देवळात. तिथं सांगा."

"सांगतो."

"आन् आज सांगा. उद्या तुमचं मन पालटंल."

देवळात माईक असतो तो पाण्याची पाळी आणि कोणाच्या घरी कार्य आहे ते सांगायला. संध्याकाळ होत आली होती, पारावर नेहमीची माणसं बसलेली, त्यांत सासरेही. पुजाऱ्याला मी म्हटलं, नाशिकहून आलोय, एक निरोप सांगायचाय. त्याने माईक फुंकून दिला.

भाषण मला करता आलं नाही. मग मला येतं तेच केलं. पुकार दिला. गावाचं नाव घेऊन, महिला संघ, पहिला पुकार. पारावरची माणसं वळून बघू लागली. दुसरा पुकार. दारादारांतून बाया बाहेर आल्या. तिसरा पुकार देऊन मी म्हणालो, हा संघ त्या शनिवारी नाशिकच्या मैदानावर हजर होता. मी स्पर्धाप्रमुख होतो. मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या कप्तानने नारळ फोडला. गंगेवर त्यांना मी पाठवलं. मोबाईलवर गैरहजर मी टाकलं, चुकून. दुसऱ्या दिवशी पाहिलं नाही असं म्हणालो, ते चुकून नव्हे. खोटं बोललो.

माईक बंद झाल्याचा खट आवाज आला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "काय म्हन्तो?" आणि दुसरा म्हणाला, "गप ए."

सासरे उठले. जवळ आले. मला वाटलं मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मास्तर," ते म्हणाले, "पोराचं वय हाय का तुमचं? मी घरात सांगितलं, मास्तर खोटं बोलत नसतो. माझी पोरीसारखी सून रडून सांगत व्हती, आन् मी तुमाला खरं धरलं. तिला नाय धरलं. ह्ये कुठल्या माईकवर फिरवणार तुमी?"

पुतणी म्हणाली होती, मिनिटाचं काम आहे. ते मिनिट मी जाऊ दिलं.

त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि पारावरच्या एका तरण्या माणसाकडे बघितलं. "ए, मैदानातल्या ट्रॉल्या तुझ्याच ना?"

"हां आबा, पण आता अंधार पडंल..."

"सकाळी काढ. समद्या. आन् दगड येचून काढ तिथले."

तो 'बरं' म्हणाला. मारुतीच्या भिंतीशी बायका उभ्या होत्या. उजवा कोपराही होती त्यांत, तोंडाला पदर लावून, हसत होती की रडत, मला कळलं नाही. कप्तान थोडी अलीकडे उभी होती, हातांना कांद्याची माती तशीच. सासरे तिच्या बाजूने गेले, क्षणभर थांबले, आणि खाली बघत म्हणाले, "घरी चल. चहा टाक." एवढंच. एका घरात राहून ते तिच्याशी किती वर्षांनी बोलले, ते त्या दोघांनाच ठाऊक.

मी तिच्यासमोर गेलो. हात जोडले. मला काहीतरी हवं होतं तिच्याकडून, हे मी कबूल करतो. म्हाताऱ्या माणसाला हवं असतं तसं. ठीक आहे सर, झालं गेलं, असं काहीतरी.

"नाशकात कवा सांगणार?" तिने विचारलं.

"माईक देत नाहीत."

"मंग बिनमाईकचं सांगा. आवाज हाय की तुमाला."

"सांगेन. तुम्ही मला..."

ती मला वळसा घालून घराकडे निघाली होती. मागे न बघता म्हणाली,

"पुढं चाला, सर. गाडी चुकंल."